तुटक रेघ अखंड होते तेव्हा

गेल्या वर्षी प्रगती सेमिनारमध्ये कमिटीने माझ्या एका ड्रॉइंगचं कौतुक केलं. ते कौतुक माझ्या वाट्याचं नव्हतं, पण हे कळायला मला पाच महिने लागले. आजचा लेख त्या ड्रॉइंगबद्दल आहे, आणि आपण सगळेच तांत्रिक ड्रॉइंग स्लाइडवर ज्या पद्धतीने चिकटवतो त्याबद्दलही.

इथे नेहमी येणाऱ्यांना माझा विषय माहीत आहे. दगडी कमानीचे जुने पूल, आणि आजची जड वाहनं त्यांना किती पेलतील हा प्रश्न. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. कमान जिथे खांबाला टेकते तिथून थोडं वरपर्यंत, दोन्ही खांद्यांमागे बऱ्याचदा पक्कं दगडी बांधकाम केलेलं असतं. त्याला बॅकिंग म्हणतात. त्याच्यावर मुरूम-मातीचा भराव, आणि त्यावर रस्ता. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही, कारण बाजूच्या भिंती सगळं झाकून टाकतात. पण गणितात पुलाची ताकद किती येईल हे या बॅकिंगच्या उंचीवर बरंच अवलंबून असतं. वर भार आला की कमानीचे खांदे बाहेर सरकू बघतात, आणि बॅकिंग त्यांना मागून धरून ठेवतं.

माझ्या पुलाचं बॅकिंग मी मोजलेलं नव्हतं. आत भोक पाडून नमुना घ्यायची परवानगी आलेली नव्हती. तशाच बांधणीच्या दुसऱ्या पुलांवरून मी त्याच्या वरच्या कडेचा अंदाज बांधला, आणि म्हणून ती कड तुटक रेघेने काढली. कोपऱ्यातल्या सूचीत लिहिलंही होतं की अखंड रेघ म्हणजे प्रत्यक्ष मोजणी, तुटक रेघ म्हणजे अनुमान. कागदावरच्या प्लॉटमध्ये सगळं स्वच्छ होतं. स्लाइडवर मात्र तुटक रेघेतल्या फटी बुजल्या आणि ती अखंड दिसायला लागली. सूचीतली अक्षरं पहिल्या रांगेतूनही वाचता आली नसती. कमिटीतले एक सर म्हणाले, "बॅकिंगची उंची शोधून काढलीत, हे चांगलं केलंत." मी आधीच घाबरलेली. "थँक यू सर" म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली.

पाच महिन्यांनी आमच्या लॅबमधला एम.टेक.चा एक मुलगा त्याचं मॉडेल दाखवायला आला. मी विचारलं, बॅकिंगची उंची कुठून घेतलीस? तो म्हणाला, "ताई, तुझ्या स्लाइडवरून. तू मोजलीयस ना?" त्याने तीन आठवडे सगळी विश्लेषणं त्या एकाच आकड्यावर चालवली होती. आकडा वर-खाली करून बघायची गरजच त्याला वाटली नव्हती. मोजलेली गोष्ट कोण कशाला बदलून बघेल?

त्या तीन आठवड्यांची जबाबदारी माझी होती. पण नेमकी कुठे चुकले, हे शोधायला गेले तेव्हा लक्षात आलं की मी सगळं "नियमाप्रमाणे" केलं होतं. ड्रॉइंग ३०० डीपीआयला एक्स्पोर्ट केलेलं होतं.

"तीनशे डीपीआय ठेव" या सल्ल्याचं काय करायचं?

ड्रॉइंग स्लाइडवर धूसर येतंय असं कुठल्याही लॅबमध्ये म्हणून बघा. पहिलं उत्तर हेच मिळेल. सल्ला छापील जर्नलसाठी ठीक आहे, स्लाइडसाठी तो जवळपास निरर्थक आहे. का, ते आकड्यांत बघू.

ए१ शीट ८४१ × ५९४ मिलिमीटर. ३०० डीपीआयला त्याचं चित्र सुमारे ९९३३ × ७०१६ पिक्सेलचं होतं. ऐकायला भारी वाटतं. पण सेमिनार हॉलचा प्रोजेक्टर चांगला असला तर १९२० × १०८० पिक्सेल दाखवतो. म्हणजे शीटची ५९४ मिलिमीटर उंची शेवटी १०८० पिक्सेलमध्येच बसवावी लागते. दर मिलिमीटरला १.८ पिक्सेल, बस. चित्र ३०० डीपीआयचं असो की १२०० चं, या आकड्यात काहीही फरक पडत नाही.

आता शीटवर काय काय आहे ते या मापाने मोजा. ०.२५ मिलिमीटरची रेघ ०.४५ पिक्सेलची झाली. अर्धा पिक्सेल प्रोजेक्टरला दाखवता येत नाही, म्हणून तो पूर्ण पिक्सेल फिकट करून दाखवतो. काळी रेघ करडी होते, आणि हॉलमधले दिवे चालू असले की करडी रेघ नाहीशी होते. २.५ मिलिमीटर उंचीचं अक्षर साडेचार पिक्सेलचं झालं. साडेचार पिक्सेलमध्ये इंग्रजी आकडाच धड बसत नाही. मग मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरं घेऊन येणारं देवनागरी तर सोडूनच द्या.

आणि माझी तुटक रेघ? रेघांसाठीच्या आयएसओ १२८ या मानकाप्रमाणे तुटक रेघेतला तुकडा रेघेच्या जाडीच्या १२ पट आणि फट ३ पट असते. ०.२५ च्या रेघेला फट ०.७५ मिलिमीटर, म्हणजे स्लाइडवर जेमतेम १.४ पिक्सेल. तिच्या दोन्ही बाजूंचा करडेपणा आत पसरला की फट संपली. माझं अनुमान मोजणीत कसं बदललं ते इथे कळलं. कुणी खोटं बोललं नव्हतं. फक्त एका फटीला दीड पिक्सेलसुद्धा मिळाला नव्हता.

या सल्ल्याबद्दलची माझी तक्रार अशी आहे. तो स्पष्टतेला फाइलचा गुण मानतो. फाइल मोठी केली, की चित्र स्पष्ट. पण विचारायचा प्रश्न असा की ड्रॉइंगमधला कुठला फरक शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो आणि कुठला वाटेत मरतो? जाड-बारीक, तुटक-अखंड, कापलेला भाग आणि मागे दिसणारा भाग, हे फरक म्हणजेच ड्रॉइंगची भाषा. ते मेले आणि बाह्याकृती तेवढी उरली, तर ते ड्रॉइंग राहत नाही, सजावट होते.

बाकीच्या दोन सवयी

दुसरी सवय स्क्रीनशॉटची. घाईच्या वेळी मीही घेतलेत. त्यात अडचण अशी की कॅडच्या पडद्यावर जे दिसतं ते काम करण्यासाठी असतं, दाखवण्यासाठी नाही. काळ्या पडद्यावर पिवळ्या आणि आकाशी रेघा छान उठून दिसतात. पांढऱ्या स्लाइडवर पिवळी रेघ शोधून दाखवा. लाइनवेट दाखवणं बंद असेल तर सगळ्या रेघा एकाच जाडीच्या येतात, म्हणजे कापलेली कड कुठली आणि मागची कड कुठली हे कळायचा मार्गच बंद. ऑटोकॅडमधली पीएनजीआउट ही आज्ञासुद्धा पडद्यावर जे आहे तेच उचलते, त्यामुळे तीही स्क्रीनशॉटचीच थोरली बहीण.

तिसरी सवय जेपीजीची. जेपीजी फोटोंसाठी बनलं आहे. ते चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले बारीक चढउतार गाळून टाकतं. आकाशाच्या किंवा चेहऱ्याच्या फोटोत हे गाळणं डोळ्याला कळत नाही. पण रेघेच्या ड्रॉइंगमध्ये बारीक चढउतार हाच सगळा मजकूर असतो. पांढऱ्यावर एकदम काळं, पुन्हा एकदम पांढरं. त्यामुळे प्रत्येक रेघेभोवती आणि आकड्याभोवती धुळीसारखे डाग उमटतात. रंगाची माहिती तर जेपीजी बहुतेक वेळा आणखीच कमी बारकाईने ठेवतं, म्हणून लाल रंगातली बारीक भेग काळ्या रेघेपेक्षा आधी विरघळते. भेगा लाल रंगात दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे, हे विसरू नका. पीएनजीमध्ये हा प्रकार होत नाही, ते काहीही गाळत नाही. आणि मोठा पांढरा भाग असलेल्या रेघांच्या ड्रॉइंगची पीएनजी फाइल पुष्कळदा जेपीजीपेक्षा लहानच निघते. म्हणजे "फाइल लहान होते" हे कारणही टिकत नाही.

स्पष्ट दिसणारी चूक

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल की धूसर चित्र निदान आपण धूसर आहोत हे सांगतं तरी. बघणारा सावध होतो. बरोबर. म्हणूनच मला सगळ्यात जास्त भीती स्वच्छ दिसणाऱ्या चुकीची वाटते, आणि याचं एक गाजलेलं उदाहरण आहे.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने आपल्या संकेतस्थळावर एक विचित्र गोष्ट लिहिली. तो तेव्हा बॉन विद्यापीठात पीएचडी करत होता. एका घराचा नकाशा झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर यंत्रावर स्कॅन केला होता. मूळ नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर लिहिलेली होती. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्यांवर १४.१३ आलं. आकडे पुसट नव्हते, तुटलेले नव्हते. अगदी नीट वाचता येत होते, फक्त चुकीचे होते.

कारण फाइल लहान करण्याच्या पद्धतीत होतं. जेबिग२ नावाच्या त्या पद्धतीत यंत्र चित्राचे छोटे तुकडे पाडतं, एकमेकांसारखे वाटणारे तुकडे शोधतं, आणि त्यातला एकच साठवून सगळीकडे तोच छापतं. बारीक अक्षरातले दोन वेगळे आकडे त्याला सारखे वाटले, की एकाच्या जागी दुसरा, तोही स्वच्छ. कंपनीला नंतर दुरुस्ती काढावी लागली. ही चूक लक्षात आली ती नकाशामुळेच. लहान खोली आणि मोठी खोली, दोन्हींवर एकच क्षेत्रफळ हे बघणाऱ्याला खटकलं. निव्वळ आकड्यांचा तक्ता असता तर कोण थांबलं असतं?

माझ्या चुकीचं कारण वेगळं होतं, पण दोन्ही घटनांची जात एकच. माझ्या स्लाइडवरची ती रेघसुद्धा धूसर नव्हती. ती एक सरळ, शांत, अखंड रेघ होती.

मग मी आता काय करते

शीट स्लाइडवर टाकणं मी बंद केलं. स्लाइडसाठी वेगळा लेआउट बनवते, आणि त्याच्या कागदाचं माप स्लाइडचंच ठेवते. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड १३.३३ × ७.५ इंच असते, म्हणजे ३३८.७ × १९०.५ मिलिमीटर. एवढा "कागद" १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर गेला की दर मिलिमीटरला ५.६७ पिक्सेल मिळतात. मग नेहमीच्या रेघांच्या मालिकेतल्या तीन जाड्या फार सोयीच्या पडतात. ०.१८ ची रेघ १ पिक्सेल, ०.३५ ची २ आणि ०.७ ची ४. हॅच आणि डायमेन्शनच्या रेघा ०.१८, दिसणाऱ्या कडा ०.३५, कापलेल्या कडा ०.७. तुटक रेघ ०.३५ ची, म्हणजे फट ६ पिक्सेलची. ती शेवटच्या रांगेतून दिसते, मी स्वतः तिथे बसून बघितलं आहे. अक्षरं ५ मिलिमीटर, म्हणजे २८ पिक्सेल. तुटक रेघेचं प्रमाण लेआउटच्या कागदाशी जुळतंय ना, हे मात्र दर वेळी तपासावं लागतं. मॉडेलमध्ये तुटक दिसणारी रेघ लेआउटमध्ये अखंड होण्याचा प्रकार वेगळ्या कारणानेही होतोच.

हा लेआउट मी एकरंगी प्लॉट-स्टाइलने पीडीएफला प्लॉट करते, आणि त्याची ३८४० पिक्सेल रुंदीची पीएनजी काढते. बघा, डीपीआय हा शब्द इथे आलाच नाही. पिक्सेल मोजायचे, आणि ते किती मिलिमीटरवर पसरणार ते बघायचं, एवढंच. व्हेक्टर चित्र का नाही, असं कुणी विचारेल. पॉवरपॉइंटच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एसव्हीजी टाकता येतं आणि ते झूम केलं तरी फाटत नाही. पण दगडांच्या हॅचमध्ये हजारो रेघा असल्या की स्लाइड रखडते. शिवाय व्हेक्टर असलं तरी ए१ शीट पडद्यावर येताना ०.४५ पिक्सेलचीच रेघ होते. गणित तेच राहतं.

चित्र स्लाइडवर टाकताना पहिल्याच वेळी पूर्ण आकारात टाकते. पॉवरपॉइंट फाइल जतन करताना चित्रं दाबतो, आणि ती त्या वेळी स्लाइडवर ज्या आकारात असतील त्या हिशोबाने दाबतो. आधी लहान ठेवून जतन केलं आणि नंतर ओढून मोठं केलं, तर गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. पर्यायांमध्ये चित्रं न दाबण्याची खूण आहे, ती आधीच करून ठेवावी. आणि "स्केल १:५०" ही ओळ स्लाइडवरून काढून टाकावी. कागदावर ती खरी होती. भिंतीवर चार मीटर रुंद झालेल्या चित्रावर ती खोटी आहे. तिच्या जागी मीटरच्या खुणांची पट्टी काढा, ती चित्राबरोबर वाढते आणि कमी होते, म्हणून खरी राहते.

माझ्या पद्धतीवरचा आक्षेप

माझ्या गाइडना हे सगळं दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, स्लाइड म्हणजे बोलायला आधार. खरं ड्रॉइंग प्रबंधात आहेच की." यात तथ्य आहे. स्लाइडवर एवढा वेळ घालवणारा विद्यार्थी कदाचित प्रबंधाचं प्रकरण लांबणीवर टाकत असतो, हेही मला माहीत आहे. पण प्रबंध पूर्ण व्हायला अजून दोन वर्षं आहेत, आणि स्लाइड सेमिनारच्या संध्याकाळीच लॅबच्या ग्रुपवर गेली होती. लोक जे हाताशी आहे त्यावरून काम करतात. त्या मुलाने तेच केलं.

दुसरा आक्षेप माझा मलाच आहे, आणि तो जास्त अवघड आहे. २८ पिक्सेलची अक्षरं ठेवायची तर ड्रॉइंगमधलं पुष्कळ काही काढून टाकावं लागतं. साधा हिशोब करा. २.५ मिलिमीटरची अक्षरं तेवढी मोठी दिसायला हवीत तर ए१ शीटचे तीसेक तुकडे करावे लागतील. तीस स्लाइड कुणी बघणार नाही, म्हणून मी गाळते. दगडांचे सांधे गाळते, दुरुस्तीचे जुने ठिगळ गाळते. मग बघणाऱ्याला वाटतं की कमान एकसंध आहे. प्रोजेक्टर जे नकळत करत होता तेच मी समजून-उमजून करते, एवढाच फरक. म्हणून आता गाळलेल्या गोष्टींची एक ओळ ड्रॉइंगखाली ठेवते: "दगडांचे सांधे दाखवलेले नाहीत." हे पुरेसं आहे असं माझं म्हणणं नाही. पण बघणाऱ्याला विचारायला जागा राहते.

आणि सूचीवर विसंबणं सोडलं. अनुमान असेल तर तो शब्द त्या रेघेवरच लिहायचा. यंदाच्या सेमिनारमध्ये बॅकिंगची एक कड दाखवलीच नाही. दोन तुटक रेघा काढल्या, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, मधला पट्टा मोकळा ठेवला, आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "अनुमान. मोजलेलं नाही."

या वेळी कौतुक झालं नाही. गेल्या वर्षीचेच सर चष्मा वर करून पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे गेल्या वर्षी मोजलेलं नव्हतं?"

मी म्हणाले, "नाही सर. तेव्हा स्लाइडवर रेघ चुकून अखंड आली होती."

"मग मोजणार कधी?"

परवानगीचा अर्ज अडकून पडलाय हे तेव्हा कमिटीला पहिल्यांदा कळलं. त्याच आठवड्यात विभागाकडून नवं पत्र गेलं. उत्तर यायचं आहे. तोपर्यंत तो पट्टा तसाच मोकळा राहील.

तुमचं पुढचं सादरीकरण असेल तेव्हा एक करा. स्लाइड लावा, हॉलचे दिवे चालू ठेवा, शेवटच्या रांगेत जाऊन बसा, आणि आपलंच ड्रॉइंग अनोळखी माणसासारखं वाचा. काय दिसत नाही हे शोधू नका, ते लगेच कळतं. जे दिसतंय ते तुम्ही खरंच म्हटलं होतं का, ते बघा.